शाळेच्या भिंतीवर सेखोंचे नॅट: भोवती पेटलेली सेबर काढावीत की नाही?

नॅट-अभ्यासक, हिंगणघाट

जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय यांच्या भिंतींवर हल्ली लढाऊ विमाने रंगवून घेतात. चांगलेच आहे. पण १४ डिसेंबर १९७१ ची वैमानिक सेखोंची श्रीनगरची झुंज (गावाने भिंतीसाठी हाच विषय निवडला आहे) काढायची म्हटली की ठरलेले चित्र उमटते: निळेभोर आकाश, पांढरे ढग, मध्ये आपले नॅट हे लहान लढाऊ विमान आणि भोवती आगीचे गोळे झालेली सहा सेबर, म्हणजे पाकिस्तानची लढाऊ विमाने. माझे म्हणणे असे की हे चित्र काढू नये, उड्डाणाचा क्षण काढावा.

त्या सकाळी सहा सेबरनी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला केला. बॉम्ब पडत असतानाच १८ व्या स्क्वाड्रनची दोन नॅट उडाली. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, मागे दोन नंबरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. धुक्यात घुम्मनांना सेखों दिसेनासे झाले आणि सेखों एकटे पडले. परमवीर चक्राच्या मानपत्रात एका सेबरला मारा लागल्याचे आणि दुसरे पेटवल्याचे म्हटले आहे. पाकिस्तानने ते मान्य केलेले नाही. म्हणजे सहाही पेटलेली दाखवणे आपल्याच मानपत्राच्या विरुद्ध जाते. आणि झुंज झाली झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर. तिथे ढग कुठले? हवाई दलाचे हे आजवरचे एकमेव परमवीर चक्र आहे. त्यात भर घालायची काही गरज नाही.

भितरंग, दर्यापूर

भाऊ, मानपत्राचं तुमचं म्हणणं बराबर हाय. पण शाळेची भित रोडापासून चाळीस फुटावर असते. मोटरसायकलवाला दोन सेकंद पाह्यते अन् निंगून जाते. धावपट्टीवरून उठणारं एकटं बारकं विमान अन् मांगं धूळ, एवढ्यातून त्याले काय समजन? नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची जाहिरात हाय असं वाटन. लढाई हाय हे आगीशिवाय दिसत नाई.

अन् एका चौकटीत सारी गोष्ट बसवणं हे खोटं नसते. देवळाच्या भितीवर रावण सीतेले नेते, जटायू भिडते अन् जटायू पडते, तिन्ही एकाच चित्रात असते. पाह्यणाऱ्याले कोनी फसवत नाई. सहाची चार आग करा, दोन करा, पण आग पाह्यजेच.

नॅट-अभ्यासक, हिंगणघाट

जटायूच्या चित्राखाली तारीख नसते. आपण खाली १४ डिसेंबर १९७१ लिहितो, नाव लिहितो, हुद्दा लिहितो. तारीख लिहिली की ते चित्र नोंद होते, आणि पाचवीतली मुलगी ते वाचून परीक्षेत 'सहा विमाने पाडली' असे लिहिते.

चाळीस फुटांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर उपाय रचनेत आहे. नॅट भिंतीच्या डाव्या तिसऱ्या भागात मोठे घ्या, नाक किंचित वर. धावपट्टीच्या कडेला दोन स्फोटांचे मातकट लोट, त्यांच्या बुडाशी नारिंगी आग. उजवीकडे वरून वळण घेत येणारी दोन सेबर. आग राहिली, शत्रू राहिला, आणि खोटे काहीच नाही.

रिव्हेट, आमगाव

आगीवरून वाद घालण्याआधी विमान तरी बरोबर येऊ द्या. भिंतीवरच्या दहातल्या बहुतेक 'नॅट'ना दोन आसने असतात. कारण सरळ आहे: इंटरनेटवर नॅट शोधले की ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाची लाल विमाने आधी दिसतात. ती प्रशिक्षणाची, दोन आसनांची नॅट. लांब काचेची आणि मोठ्या पंखाची. आपले लढाऊ नॅट एका आसनाचे. पंख धडाच्या वरच्या अंगाला बसवलेले आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेले. हवा घेणारी तोंडे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्याच कडेला ३० मिलिमीटरची एकेक एडन तोफ. नाकाला भोक नाही.

सेबरचे नेमके उलट. नाकातच मोठे तोंड, पंख खालून आणि मागे ३५ अंश वळलेले, नाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा सहा मशीनगन. सेबरच्या तोंडात शंकू काढला की ते मिग-२१ सारखे दिसू लागते. ही चूक फार होते.

आता मापे. नॅट सुमारे २८ फूट ८ इंच लांब, सेबर सुमारे ३७ फूट. भिंतीवर नॅट ५ फुटांचे घेतले तर तेवढ्याच अंतरावरचे सेबर साडेसहा फुटांच्या जवळ यायला हवे. सगळे पेंटर दोन्ही सारखीच काढतात. या झुंजीत लहान विमान मोठ्यांशी भिडले, हे मापातूनच दिसायला हवे. सारखी काढली की ते पुसले जाते. पण नॅट-अभ्यासकांच्या रचनेत नॅट जवळ आणि सेबर लांब आहेत, म्हणजे सेबर लहान दिसणार. लहान विमान मोठ्यांशी लढले हे त्या चित्रात कळणारच नाही. म्हणून उड्डाणाच्या क्षणाला माझा विरोध आहे. दोन्ही जातीची विमाने सारख्या अंतरावर वळणात दाखवा.

नॅट-अभ्यासक, हिंगणघाट

वळणातली झुंज काढणार असाल तर क्षितिज सांभाळा. पाहणाऱ्याचा डोळा विमानांच्याच उंचीवर धरला तर क्षितिजरेषा विमानांच्या आरपार जाते. क्षितिजाच्या वर असलेल्या सरळ उडणाऱ्या विमानाचे पोट दिसते, खाली असलेल्याची पाठ. पेंटर चार फोटो चार ठिकाणचे घेतात, एकाची पाठ, एकाचे पोट, आणि सगळी एका आकाशात चिकटवतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण विमाने टांगल्यासारखी वाटतात.

आणि झाडे. काश्मीरच्या चित्रात हिरवागार चिनार हमखास येतो. डिसेंबरच्या मध्यात चिनाराची पाने गळून गेलेली असतात. उघड्या फांद्या, पॉप्लरच्या काटक्या, मळकट राखाडी धुके, मागे पीर पंजाल. रंग उदास होतो, मान्य आहे, पण विमानावरची तिरंगी चकती अशा राखाडीवरच उठून दिसते.

खडूफळा, मूल

तुम्हा दोघांचेही तांत्रिक मुद्दे पटले, पण मूळ निवडीलाच माझा आक्षेप आहे. सहा वर्षांची मुले रोज परिपाठाला ज्या भिंतीसमोर उभी राहतात, तिथे जळणारे विमान आणि आत बसलेला माणूस का हवा? हवाई दलाच्या इतिहासात न जळणारे प्रसंग काय थोडे आहेत? २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा वाहतूक विमानांनी १ शीख या पलटणीच्या तुकड्या श्रीनगरला उतरवल्या. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा उतरवले, तेही पक्की धावपट्टी नसताना, साडेदहा-अकरा हजार फुटांवर. ११ डिसेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानात (आताच्या बांगलादेशात) टांगाईलला २ पॅरा या पलटणीचे जवान छत्र्यांनी उतरले. आकाशभर छत्र्या काढायला मुलांना स्वतःला सांगता येईल, आणि त्यांच्या हातून त्या बिघडणारही नाहीत.

दुसरे असे की हवाई दलाचे मेंटेनन्स कमांड नागपूरला आहे. विमान उडते ठेवणारा फिटर, तोफेत गोळ्यांचा पट्टा भरणारा आर्मरर कुणीच कधी भिंतीवर काढत नाही. आपल्या भागातल्या मुलांना तीच नोकरी जास्त जवळची आहे.

रिव्हेट, आमगाव

ताई, आर्मररचा मुद्दा सुंदर आहे आणि तो नॅटच्याच चित्रात बसतो. नॅटच्या एका तोफेला ११५ गोळे मिळत. एडन मिनिटाला १२०० च्या पुढे गोळे फेकते, म्हणजे सेकंदाला २०. सलग घोडा दाबला तर सहा सेकंदांत पेटी रिकामी. विमान खाली असताना पट्टा कसा भरला यावर ते सहा सेकंद अवलंबून. नॅटच्या तोफा अडकण्याची तक्रार १९६५ आणि १९७१ च्या दोन्ही युद्धांत होती. चित्राच्या खालच्या पट्टीत पट्टा भरणारे दोन आर्मरर काढा, बाजूला '११५' लिहा. गणिताचा तास तिथेच होईल.

पण मुलांपासून मृत्यू लपवावा, हे पटत नाही. सेखों त्या दिवशी परत आले नाहीत. ते वगळून उरते काय?

खडूफळा, मूल

लपवायचे म्हटलेच नाही मी. ते शिक्षकाने तोंडाने सांगायचे, मुलाचे वय पाहून. भिंत वय पाहत नाही.

बांधीकाठ, साकोली

पाडलेले विमानच दाखवायचे असेल तर श्रीनगर सोडा आणि पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची बॉयराची झुंज घ्या. २२ नोव्हेंबर १९७१, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या आधी. दमदमहून उडालेल्या २२ व्या स्क्वाड्रनच्या चार नॅटनी सेबर गाठली. मॅसी, गणपती, लाझारस, सोआरेस ही चौघांची नावे. दोन पाकिस्तानी वैमानिक छत्रीने उतरले आणि आपल्या हाती सापडले. त्यातले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. म्हणजे तिथे पेटलेले सेबर काढले तर कुणी खोटे म्हणू शकत नाही, आणि छत्रीने उतरणारा माणूस जिवंत राहिला हेही मुलांना सांगता येते. ताईंचा आक्षेप अर्धा मिटतो.

शिवाय खालची जमीन धानाची. भंडारा-गोंदियाच्या पोरांना बांध्या, धुरे, पिवळे पडत आलेले धान ओळखीचे आहे. पेंटरलाही ते बघून काढता येईल, काश्मीरचे देवदार कॅलेंडरवरून उतरवावे लागणार नाहीत.

नॅट-अभ्यासक, हिंगणघाट

बॉयरा उत्तम विषय आहे. तरी तिसऱ्या सेबरबद्दल दोन्ही बाजूंचे दावे जुळत नाहीत, म्हणून दोनच पडताना दाखवा. आणि माझा हट्ट सेखोंच्या चित्रावर कायम आहे, कारण गावाने निवडलेला विषय तो आहे. बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून दोन नंबरला निघणे, पुढच्याने उडवलेली धूळ समोर असताना. याहून मोठे धाडस पुढच्या झुंजीतही नव्हते असे मला वाटते.

उड्डाण काढताना चाके पाहा. नॅटची चाके धडातून निघतात, पंखातून नाही. पाय जवळजवळ आणि आखूड. पंखाखाली लांब पाय काढले की विमान गेले.

भितरंग, दर्यापूर

चाकं करून देतो. पण आता भितीचं कोनीच बोललं नाई म्हणून सांगतो, नाईतर चिनार बरोबर अन् पोपडे दोन वर्षात.

काळ्या मातीतली शाळा असन तर भितीले तडे असतेच. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तडा व्ही आकारात खोदा, क्रॅक फिलर भरा, सुकू द्या. नुसती पुट्टी फासली तर पुढच्या मे महिन्यात तडा विमानाच्या मधातून वर येते. जुना चुना असन तर पुरा खरवडा. चुन्यावर इमल्शन धरत नाई, चुन्यासकट निंगते. खाली दोन फूट लोणा, म्हणजे ओलीनं येणारा खार, असतेच. तेथी ऑइलपेंट बिलकुल नको, ओल आत कोंडते अन् फोड येते. ओल पाह्यासाठी एक फूट प्लास्टिक चारी बाजूनं टेपनं चिकटवा, रातभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर काम थांबवा. नवं प्लास्टर असन तर २८ दिवस पाणी अन् वाळवण झाल्याबिगर हात लावू नका.

२४ बाय १० ची भित म्हणजे २४० चौरस फूट. बाहेरचा प्रायमर एक हात, अडीच-तीन लिटर. आकाश-जमिनीले बाहेरचं इमल्शन दोन हात, पाच लिटर. विमानाईले पांढरा एक लिटर, काळा पाव लिटर, बाकी स्टेनर, म्हणजे रंगात मिसळाची छटा. लिटरमागं ४० मिलीच्या वर स्टेनर नको, रंग हाताले लागते अन् पयल्या पाण्यात ओघळते. कागदावर २४ बाय १० सेंटिमीटरचं चित्र काढा, भितीवर फुटाफुटाच्या चौकटी मारा. दोरीले खडूची पूड लावा, गेरू नको; फिक्क्या आकाशात मिसळून गुलाबी झाक देते.

काम दिवाळीनंतर. एप्रिल-मेमधी ब्रशवरच रंग सुकते, आकाशात जोड दिसते.

रिव्हेट, आमगाव

चकतीबद्दल एक. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. ब्रिटिश फोटो समोर ठेवून काढली तर निळी-लाल होते. आणि दुसऱ्या महायुद्धातले विमान काढणार असाल, गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी त्याच काळातली असल्याने आमच्याकडे तशी मागणी असते, तर ब्रह्मदेश आघाडीच्या हरिकेन लढाऊ विमानांवर लाल अजिबात नको. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्यावर चालू नयेत म्हणून १९४३ नंतर तिथल्या चकतीतला लाल काढून टाकला. गडद निळा आणि फिका निळा राहिला. १९४४ ला इंफाळवर अर्जन सिंग यांच्या १ नंबर स्क्वाड्रनची हरिकेन त्याच खुणेची.

भितरंग, दर्यापूर

केशरीची अडचण येगळी हाय. पश्चिमेच्या भितीवर बाटलीतला केशरी स्टेनर सगळ्यात आधी उडते. दोन उन्हाळ्यात पिवळट, मंग चकती कोन्या देशाची हे समजत नाई. म्हणून केशरी बाहेरच्या भितीसाठी मशीनवर बनवून घ्या, शेड नंबर चित्राच्या मांगं लिहा अन् २०० मिली डब्बा सील करून शाळेत ठेवा. उत्तरेची भित भेटली तर तीच घ्या. हिरवा अन् राखाडी टिकते.

अन् नॅट-अभ्यासक भाऊ, सेबर दोन, आग जमिनीवर, एवढं मले मंजूर. पण एका सेबराच्या शेपटीमांगं धूर देतो. मानपत्रात दुसरं पेटवलं असं हायच ना?

नॅट-अभ्यासक, हिंगणघाट

उड्डाणाच्या क्षणी सेखोंच्या तोफेतून अजून एकही गोळा सुटलेला नाही, म्हणून त्या चौकटीत धूर नको. खालच्या पट्टीत, आर्मररच्या शेजारी, दीड बाय दोन फुटांची वेगळी चौकट करा आणि त्यात धूर सोडणारे एक सेबर काढा. मानपत्रातले वाक्य त्याखाली द्या. मुख्य मजकुराची अक्षरे चार इंचांची ठेवा, चाळीस फुटांवरून तेवढी लागतात; या चौकटीतली एक इंचाची पुरतील, ती जवळ जाऊन वाचायची आहेत. विमानाच्या धडावर मनाने कोणताही क्रमांक टाकू नका. फोटोत स्पष्ट दिसत असेल तरच टाका.

खडूफळा, मूल

खालची पट्टी लोण्याच्या दोन फुटांच्या वर घ्याल ना? ती चौकट बारक्या मुलांच्या डोळ्यासमोर येणार. धुराचे सेबर तिथे असेल तर माझा विरोध राहील. चार फुटांच्या वर न्या, म्हणजे पाचवीच्या पुढची मुले वाचतील.

भितरंग, दर्यापूर

ताई, सव्वाचार फुटावर घेतो. मंग चौकटीच्या वर धावपट्टीले जागा कमी उरते. नॅट पाच फुटाचं नाई बसन, नाक वर हाय म्हणून. साडेचारचं करतो. सेबर रिव्हेट भाऊंनी सांगावं किती धरू.

रिव्हेट, आमगाव

नॅटच्या दुप्पट अंतरावर धरली तर लांबी तीन फुटांच्या किंचित खाली येते. दोन फूट अकरा इंच घ्या, आणि दोन्ही पूर्ण बाजूने दिसतील अशी. तिरकी घेतली तर आणखी आखूड होतील आणि सेबरचे तोंडच दिसणार नाही.