मंत्रचळ आणि ‘सेरोटोनिन कमी पडलं’ ही थाप

गवतीचहा: काल इथे एकाने लिहिलं, ‘ओसीडी (मंत्रचळ, तेच तेच विचार आणि कृती थांबत नाहीत तो आजार) म्हणजे मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी. केळी-अक्रोड खा, भरून निघेल.’ डोकंच फिरलं. केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही हो! आणि कमतरताच असती तर गोळी चालू केल्यावर गुण यायला 8 ते 12 आठवडे कशाला लागले असते?

चौथाकप: मग डॉक्टर सांगतात ते खोटं? सेरोटोनिनवर चालणारं क्लोमिप्रामाइन हे औषध लागू पडतं, नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या रसायनावरचं डेसिप्रामाइन फिकं पडतं. हा योगायोग का? माझ्या भावाला बाबा ‘नाटकं बंद कर’ म्हणायचे. डॉक्टरांनी ‘मेंदूतलं रसायन’ म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी गोळ्यांना पैसे काढले. तुमचं शास्त्र घाला चुलीत.

गवतीचहा: संबंध नाही असं कोण म्हणतंय? संबंध वेगळा, कमतरता वेगळी. 1992 साली बॅक्स्टर आणि इतर संशोधकांनी ओसीडीच्या रुग्णांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन केले. फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवरच्या गोळीने गुण आलेल्यांच्या उजव्या कॉडेटमधला (मेंदूचा एक भाग) ग्लुकोजचा वापर उतरला. नुसत्या वर्तनोपचाराने बरं वाटलेल्यांचाही उतरला. एकही गोळी न घेता!

मोरावळा: वर्तनोपचार म्हणजे हात खराब करायचे आणि धुवायचे नाहीत, तेच ना? आमच्या आजीला कोण सांगणार! नळाची तोटी चिंचेने घासायची, मग कळशी लावायची. मध्ये कुणाचा पदर लागला की पुन्हा पहिल्यापासून. गावभर कौतुक, काय कडक सोवळं!

ओसरी: आलं का सोवळं! कुठलाही धागा असो, आमच्या आज्यांना वेड्यात काढा. माझी आजी पूजा आटोपली की सोवळं सोडून निवांत जेवायची.

मोरावळा: माझी जेवायची नाही. पान वाढलेलं तसंच, ही मोरीत. बोटं पांढरीफटक. आणि आई शेजारी उभी राहून हातावर पाणी घालतेय. तुमची जेवत होती, आनंद आहे.

ओसरी: मग आईने पाणी घालणं बंद करायचं.

मोरावळा: सासूला नाही म्हणून बघा एकदा.

ओसरी: बरं बाई. तुमच्या आजीपुरतं मान्य. सोवळ्याबद्दल नाही!

चौथाकप: सोवळं झालं असेल तर विचारतो. वर्तनोपचार करणारं माणूस आमच्या तालुक्यात दाखवा. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, पाच मिनिटांत चिठ्ठी. गोळी निदान मेडिकलमध्ये मिळते.

गवतीचहा: हे खरंय. आणि गोळ्या सोडा असं मी म्हटलेलंच नाही. उलट ओसीडीत बऱ्याचदा नैराश्यापेक्षा मोठा डोस लागतो. पण बाबांसाठी थाप चालते, तर केळीवाल्याने काय घोडं मारलंय?

चौथाकप: जिंकलात. बाबांना मात्र यातलं काही सांगणार नाहीये मी.