जॉली बॉय बेटाची एका दिवसाची सफर : तुमचे अनुभव

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलला जातो, हे ठरलेलंच. त्यानंतर बरेच जण वंडूरहून बोटीने जॉली बॉयला जातात. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे चिमुकलं बेट. तिथे वस्ती नाही, मुक्कामाची परवानगी नाही. सकाळी जायचं, दुपारी परतायचं. तेवढ्या वेळात तुम्हाला काय दिसलं, काय जड गेलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

वंडूरच्या धक्क्यावरून बोट सुटली की आजूबाजूला तिवरांची दाट झाडी, पाणी अगदी संथ. बेटाला धक्का नाही. मोठी बोट अलीकडेच थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. माझी आई सत्तरीची, गुडघे दुखतात. दोन्ही बोटी आपापल्या लयीत खालीवर होत होत्या. खलाशी म्हणाला, "माताजी, मैं बोलूँ तभी पाँव रखना." दोन्ही कठडे एका पातळीत आले तसं त्याने तिला अलगद पलीकडे घेतलं. पुढे काचेखाली एक भलामोठा शिंपला दिसला, निळसर-जांभळ्या कडांचा. बोटीची सावली पडताच त्याने त्या कडा झटकन आत ओढल्या. "अगं बाई, जिवंत आहे की!" आई केवढ्यांदा ओरडली!

*

लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते. बेटावर प्लॅस्टिक नेता येत नाही, म्हणून वंडूरला पिशव्या उघडून तपासतात. बिस्किटाचा पुडा, वेफर्स, पाण्याची साधी बाटली, काहीच पुढे जात नाही. मी आदल्या रात्रीच बाळाचं खाणं स्टीलच्या डब्यांत भरलं होतं, त्यामुळे धावपळ झाली नाही. बेटावर काही विकत मिळत नाही. हा कडकपणा मला मनापासून आवडला. सगळा दिवस किनाऱ्यावर एक रॅपर दिसलं नाही.

*

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर नाही. आणि सोमवारी बेट बंद असतं.

*

मी हे बेट २०१० च्या आधी पाहिलं होतं आणि नंतरही. त्या उन्हाळ्यात अंदमानचं समुद्राचं पाणी फार तापलं आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याचं बरंचसं अन्न आणि बराचसा रंग त्या शैवालामुळेच. पाणी तापलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं. लवकर थंडावलं तर प्रवाळ सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. पूर्वी जिथे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं रान होतं, तिथे नंतर मोडलेल्या काटक्यांचा थर दिसला. मला रडू आलं. पण त्याच थरावर काही ठिकाणी बोटाएवढे नवे कोंब होते, टोकाला फिकट निळे. मार्गदर्शक मुलगा प्रत्येक कोंब दाखवत होता. ते बेट आपलं आहे, हे त्याच्या बोलण्यात जाणवत होतं. 'रंग उरले नाहीत' म्हणून कोणी जायचं टाळू नये, असं मला वाटतं.

*

आम्ही पावसाळ्यात गेलो, तेव्हा जॉली बॉय बंद आणि शेजारचं रेड स्किन उघडं होतं. दोन्ही बेटं आलटून पालटून उघडतात, म्हणजे प्रत्येकाला विसावा मिळतो. तिकीट काढण्याआधी कोणतं चालू आहे ते विचारा. रेड स्किनलाही मासे भरपूर.

*

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गटातले एक गृहस्थ दमले म्हणून गोल प्रवाळावर उभे राहिले. दिसायला तो दगडच. पण असा प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभरही वाढतो न वाढतो, आणि पायाखाली त्याची जिवंत त्वचा सोलली जाते. ओहोटीला पाणी उथळ असतं तेव्हा हे जास्त होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा. अंगभर सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. शंख, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, तो गुन्हा आहे. आणि पोहता येत नसेल तर संकोच न करता तसं सांगा. मार्गदर्शक हवेची रिंग देतात आणि स्वतः ओढत नेतात. रिंगेवर पोट टेकून, पाय मागे सरळ ठेवून तोंड पाण्यात घालायचं. पाय खाली सोडायची गरजच पडत नाही.