एकच सायकल, रोडलाही आणि ट्रायथलॉनलाही: जमतं का?

घाटवेडा
एकच घ्यायची असेल तर डोळे झाकून रोड बाइक घ्या आणि शर्यतीपुरते क्लिप-ऑन एरोबार (हँडलवर आवळायचे, कोपरं टेकवून पुढे धरायचे दांडे) लावा. ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीची, सायकल वर्षातले दोन-चार दिवस कामाची. एरवी घाटात, वाहतुकीत, रांगेने चालवताना ती नुसती अडचण, कारण कोपरं टेकलेली असली की ब्रेक हाताशी नसतो आणि मागच्याच्या जिवाला घोर. हवेशी झगडतं ते मुख्यतः शरीर, फ्रेमचा वाटा त्यामानाने थोडा. शरीर खाली आणि अरुंद झालं की बराचसा फायदा पदरात पडला.

टी-टू
"लावा" म्हणायला काय जातं! लावल्यावर काय होतं तेही सांगा की. रोड बाइकची सीट ट्यूब (सीटखालची नळी) जमिनीशी साधारण 73 अंशांची, ट्रायथलॉनची 76 ते 80. सीट होती तिथेच ठेवून कोपरं पुढे टाकली की मांडी पोटाला भिडते, श्वास कोंडतो आणि थोड्या वेळात माणूस परत हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर). मग एरोबार कसले, अर्धा किलोची शोभेची शिंगं! 20 किमीच्या स्प्रिंटला, म्हणजे छोट्या ट्रायथलॉनला, खपून जाईल. 90 नाहीतर 180 किमीला कंबर हिशेब मागते.

ओळंबा
सीट तिथेच ठेवा असं सांगितलंय कुणी? मागे झुकलेला सेटबॅक पोस्ट (सीटचा दांडा) काढून सरळ पोस्ट घातला की सीट 20-25 मिमी पुढे येते, उरलेलं रेल्सवर (सीटखालच्या सळ्यांवर) सरकवून. इथे एक चूक हमखास होते. सीट 30 मिमी पुढे आली की 73 अंशांच्या ट्यूबवर सीट ते बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस) अंतर सुमारे 9 मिमीने घटतं. तेवढा पोस्ट वर घ्यायला हवा (त्यात सीट अडीच मिमी मागेही जाते, तेही धरा). ते राहिलं की गुडघा पुढून दुखतो आणि शिव्या एरोबारला बसतात.

मोजायचं असं: सायकल सपाट जमिनीवर सरळ उभी करा, सीटच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि दोरी बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून किती मागे पडते ते मोजा. रोडला 60 मिमी असेल तर एरोबारसाठी 25-30 पासून सुरुवात करा.

टी-टू
गणित पटलं. पण सीट पुढे घेतलीत की वजन पुढच्या चाकावर येतं, आणि रोड फ्रेमचं चाक त्या हिशेबाने पुढे दिलेलं नसतं. त्यात कोपरं स्टेमजवळ (हँडल धरणाऱ्या तुकड्याजवळ) एकवटलेली. आडवा वारा आला की हँडल वळवळतं. कोपरांचे पॅड हँडलबारच्या वर चार-पाच सेंटीमीटर बसतात, हात पोचत नाहीत म्हणून लोक 110 मिमीचा स्टेम काढून 90 चा टाकतात, मग हूड्सवर आखडून बसावं लागतं. आणि गिअर? यांत्रिक शिफ्टर (तारेने चालणारे गिअरचे खटके) असतील तर प्रत्येक वेळी कोपरं उचलून हूड्सपर्यंत जा. तेल गेलं, तूपही गेलं.

घाटवेडा
उतारावर, वाऱ्यात एरोबारवर राहा असं कोण म्हणतंय? तिथे ड्रॉप्स (हँडलची खाली वळलेली टोकं) धरा. ट्रायथलॉनच्या सायकलवर मात्र ती सोय नाही. गिअरचा मुद्दा मान्य. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग असेल तर एरोबारच्या टोकाला जादा बटणं जोडता येतात.

आणि एक विसरताय. ड्रॉप हँडलबारच्या अटीवर ड्राफ्टिंगला (पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला) परवानगी असलेल्या शर्यतीत तुमची ती देखणी सायकल रांगेतूनच परत पाठवतील.

पाना-पक्कड
भांडा खुशाल, पण फ्रेम घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. सीटपोस्ट गोल आहे का? 27.2 मिमीचा गोल असेल तर सरळ पोस्ट सहज मिळतो. त्याच फ्रेमपुरता बनवलेला चपटा एरो पोस्ट असेल तर कंपनी देईल तेवढंच. दुसरं म्हणजे हँडलबार 31.8 मिमीचा आणि स्टेमच्या दोन्ही बाजूंना पुरेसा गोल हवा. स्टेमसकट अखंड, वरून चपट्या बारवर साधा क्लॅम्प बसतच नाही. कार्बन बार असेल तर उत्पादकाने क्लिप-ऑनला परवानगी दिली आहे का ते बघा. नको तिथे आवळलं की आतून तडा जातो, वरून काही दिसत नाही. टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या) आवळा, बोल्टजवळ छापलेल्या आकड्याच्या वर नाही.

सीट दरवेळी हलवत बसू नका. दोन पोस्ट, दोन सीटा. रोडची नेहमीची एका पोस्टवर, पुढून दुभंगलेली आखूड सीट दुसऱ्यावर, कारण एरोबारवर ओटीपोट पुढे कलतं आणि साध्या सीटचं टोक नको तिथे रुततं. प्रत्येक पोस्टवर उंचीच्या खुणेला टेप गुंडाळा. अदलाबदलीला एक बोल्ट, पाच मिनिटं. स्टेमला मात्र हात लावू नका. रोडला बसतो तोच ठेवा आणि मागेपुढे सरकणारे पॅड असलेले एरोबार घ्या.

टी-टू
दोन पोस्टची युक्ती झकास, घेतली. तरी 180 किमी हेच लक्ष्य, सराव एकट्याने, रस्ते सपाट असं गणित असेल तर माझं उत्तर उलटंच: एकच घ्या आणि ती ट्रायथलॉनचीच.

ओळंबा
ते चालेल. फक्त तिला नंतर ड्रॉप बार लावून रोड बाइक करायला जाऊ नका, सीट पुढे आणि हँडल खोल, तळहातांवर सगळा भार येतो. आणि रोडवाल्यांनो, पोस्ट शर्यतीच्या आदल्या रात्री बदलू नका. तीन आठवडे आधी बदला, मांड्यांना नवा कोन कळायला वेळ लागतो.