जुने हॉलिवूड क्लासिक: नाव मोठं आणि लक्षण?

तिसरी घंटा

'सिटिझन केन' (१९४१) मला आवडत नाही. हे म्हणायची चोरी का असावी?

'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी आजवरचा सर्वोत्तम सिनेमा कोणता, यावर जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ अशा पाचही कौलांत केन पहिला. पन्नास वर्षं पहिला नंबर मिरवलेला सिनेमा लावला की माणूस पडद्याकडे बघतच नाही, नंबराकडे बघतो. कंटाळा आला तर म्हणतो, आपलीच अक्कल कमी पडली.

केनमध्ये कॅमेऱ्याची करामत आहे, मान्य. पण पंचविशीतला दिग्दर्शक ऑर्सन वेल्स फ्रेमाफ्रेमातून 'बघा, मी काय करतोय' म्हणत आपल्याला कोपराने ढोसत राहतो. त्या नादात वर्तमानपत्रांचा मालक असलेल्या केनचं सुखदुःख माझ्यापर्यंत पोचतच नाही. मरताना तो जो शब्द उच्चारतो, त्याचा शेवटचा उलगडा तर शाळकरी आहे. अख्ख्या आयुष्याचं रितेपण आणि त्याचं उत्तर बालपणीच्या एका वस्तूत! खुद्द वेल्सनेच पुढे या युक्तीची स्वस्तातला फ्रॉइड म्हणून टर उडवली होती.

केन एकटा नाही. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मध्यंतरापर्यंत जबरदस्त आहे. अटलांटाच्या रेल्वे यार्डात पसरलेल्या जखमींवरून कॅमेरा वर वर जातो, तो शॉट आजही अंगावर येतो. मध्यंतरानंतर मात्र लग्न, भांडण, अपघात, मृत्यू, परत भांडण. पावणेचार तासांच्या आसपास! 'सायको' (१९६०) शेवटाकडे येतो आणि एक डॉक्टर उभा राहून सगळं समजावून सांगतो. इतका वेळ प्रेक्षकाला हुशार धरलं आणि निघताना ढ ठरवलं.

याउलट 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) घ्या. (आपल्याकडे त्यावरून 'एक रुका हुआ फैसला' झाला.) जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत. सिडनी लुमेटने कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, लेन्स लांब पल्ल्याच्या करत नेल्या. खोली आवळत जाते, छत डोक्यावर येतं आणि आपल्याला फक्त गुदमरायला होतं. कारागिरी कळते ती नंतर कोणी सांगितल्यावर.

माझी कसोटी साधी आहे. नाव झाकून दाखवला तर सिनेमा धरून ठेवतो का? केन माझ्या लेखी नापास.

पडदानशीन

छताचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं. केनमध्ये छतं दिसावीत म्हणून मलमलीचं कापड ताणलं होतं आणि माइक त्याच्यावर लपवले होते. कॅमेरा आणखी खाली जावा म्हणून सेटची जमीन खणली. लुमेट सोळा वर्षांनी आला. त्याचं छत 'कारागिरी' आणि वेल्सचं छत 'मिरवणं', हा न्याय कुठला?

आणि सुखदुःख पोचत नाही म्हणता, तर बर्फातल्या घराचा प्रसंग परत बघा. आई पुढे टेबलाशी बसून मुलाला दुसऱ्याच्या हवाली करायच्या कागदांवर सही करतेय. बाप मध्ये नुसता घुटमळतोय. आणि मागे, पार मागे, खिडकीच्या चौकटीत तो मुलगा बर्फात खेळतोय, ओरडतोय. त्याच्या आयुष्याचा सौदा झाला आणि त्याला पत्ता नाही. छायालेखक ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यात तिघंही सारखेच स्पष्ट दिसतात, म्हणून तर पोटात कालवतं. पार्श्वभूमी धूसर केली असती तर तो फक्त सह्यांचा प्रसंग झाला असता. हा डीप फोकस (जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट) इथे मिरवायला नाही, तिथे गोष्टच ती आहे.

नाश्त्याच्या टेबलाबद्दल तर बोलायलाच नको. एका लग्नाची कित्येक वर्षं, काही मिनिटांत. आधी लाडीगोडी, मग टोमणे, मग अबोला, आणि शेवटी बायको नवऱ्यासमोर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र उघडून बसलेली. लग्न मोडल्याचं एकही वाक्य नाही. हे ज्याला लागत नाही त्याने नंबराला दोष देऊ नये.

आगाऊ कार्टा

मी यातलं निम्मं पाहिलेलं नाही, तरी बोलतो. जुना सिनेमा म्हणजे संथ, असं आमच्या पिढीला उगाच सांगितलं गेलंय. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) लावा. माणसं एकमेकांची वाक्यं तोडत इतकी भराभर बोलतात की सबटायटल वाचताना दमछाक होते. आजचा एकही विनोदी सिनेमा त्या वेगाला पोचत नाही. आणि याचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे केन-केन करत बसतात.

न्यूजर्सीचा नाना

'गॉन विथ द विंड'बद्दल तिसरी घंटा यांची तक्रार लांबीची आहे. इथे राहून त्या सिनेमाकडे बघणं फार वेगळं असतं. आमच्या लेकीने तो अर्ध्यातच बंद केला आणि कारण लांबी नव्हतं. मळ्यावरचे गुलाम मालकांच्या संसारातच सुखी आहेत, हे चित्र तिला सहन होईना.

हॅटी मॅकडॅनियल यांना त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. पण १९४० च्या त्या समारंभात त्यांना सिनेमातल्या बाकीच्या मंडळींपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्याआधी अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिथे तर वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना जाताच आलं नाही. २०२० मध्ये एचबीओ मॅक्सने सिनेमा काही दिवस काढला आणि मग इतिहास समजावणारी प्रस्तावना जोडून परत लावला. मला हे योग्य वाटलं. सिनेमा दडपू नये, पण त्याची आरतीही ओवाळू नये.

तेव्हा तुमच्या कसोटीत एक भोक आहे. नाव झाकाल हो, साल कसं झाकणार?

सुलभाताई

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटचं रसास्वाद शिबिर केलेल्या आमच्यासारख्यांना केन 'शिकवला' गेला, तेव्हा गृहपाठाचा जाच मलाही ठाऊक आहे. पण नावाला इतकं घाबरायचं कारण नाही, कारण नाव बऱ्याचदा अपघाताने होतं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) गल्ल्यावर पडला होता. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांनी तो नाताळात फुकटात दाखवायचा सपाटा लावला. त्यातून तो अमेरिकेचा घरचा सिनेमा झाला. केनलाही नऊ नामांकनांपैकी ऑस्कर एकच मिळालं, पटकथेचं.

'कॅसाब्लांका' (१९४२) बद्दल कोणी कसं बोललं नाही? गोष्ट म्हणाल तर मेलोड्रामाच, आणि शूटिंग चालू असताना पटकथा लिहिणं चालू होतं. तरी कॅफेतला तो प्रसंग! जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणतायत आणि बाकीचे उठून फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू करतात. गाता गाता रडणारी तरुणी म्हणजे मादलेन लेबो. ती आणि तिचा नवरा मार्सेल दालिओ १९४० मध्ये फ्रान्समधून जीव घेऊन पळालेले. नाझी मेजर झालेला कॉनराड वाइट स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. ते रडणं अभिनयाच्या पलीकडचं आहे.

तिसरी घंटा

सुलभाताई, हे मला माहीत असल्यामुळे जास्त रडू येतं की माहीत नसतानाही येईल? माझा मुद्दा तोच आहे. (तो प्रसंग मला आवडतो. नायिका इल्साच्या वतीने शेवटचा निर्णय दोन पुरुष घेऊन टाकतात, ते नाही आवडत.)

पडदानशीन, बर्फातलं घर मान्य, पहिल्यापासून मान्य. पण दोन तासांच्या सिनेमात तुम्ही प्रसंग दोनच सांगितलेत. उत्तरार्धात केनच्या दुसऱ्या बायकोला, त्या गायिकेला, बळजबरीने ऑपेरात ढकलतात ते संपता संपत नाही. शिवाय टोलंडने हाच डीप फोकस वर्षभर आधी जॉन फोर्डच्या 'द लाँग व्हॉयेज होम'मध्ये वापरलाय. त्याला कोणी देव्हाऱ्यात बसवलं नाही.

नाना, साल झाकता येत नाही हे खरं. म्हणूनच मी केनला सालाची सूट द्यायला तयार नाही.

आणि नावाचा अपघात म्हणाल तर माझं लाडकं उदाहरण 'व्हर्टिगो' (१९५८). हक्क दिग्दर्शक हिचकॉककडे होते आणि सत्तरच्या दशकापासून १९८३ पर्यंत सिनेमा रीतसर कुठे लागतच नव्हता. नेमका १९८२ च्या कौलात तो पहिल्या दहांत शिरला. पाहायला मिळत नाही म्हणून मोठा! २०१२ मध्ये त्याने केनलाच खाली ओढलं. २०२२ मध्ये बेल्जियमच्या शांताल अकरमानचा 'जान दिलमान' पहिला आला, तरी हा दुसरा आहेच.

(रहस्य फोडतोय, पाहिला नसेल तर इथून पुढे वाचू नका.) व्हर्टिगोत नायिका जूडी पत्र लिहायला बसते आणि सगळं गुपित आपल्याला सांगून टाकते. सिनेमा अजून बराच शिल्लक असताना! ज्या फ्रेंच कादंबरीवर तो बेतलाय, तिच्यात हे शेवटी कळतं. हिचकॉकने हातचा एक्का उगाच टाकला.

सुलभाताई

तो एक्का टाकला म्हणून तर सिनेमा वर गेला. नाहीतर 'ती तीच होती' (मेली असं वाटलेली बाई म्हणजेच जूडी) एवढा धक्का बसला असता, आणि धक्का एकदाच बसतो. पत्रानंतर आपण जूडीच्या बाजूने बघायला लागतो. नायक स्कॉटी तिला करड्या सूटमध्ये कोंबतो, केस रंगवायला लावतो, ती केस मोकळे सोडून आली तर अंबाडा घाल म्हणून परत आत पाठवतो. तो मेलेल्या बाईला उभी करतोय आणि समोरच्या जिवंत बाईला पुसून टाकतोय. हे तिला कळतंय, आपल्याला कळतंय, त्याला कळत नाहीये. गुपित झाकून ठेवलं असतं तर त्याच प्रसंगांत तुम्ही फक्त कोडं सोडवत बसला असता.

तिसरी घंटा

पण मग रहस्य पहिल्यापासूनच सांगायचं होतं. दोन तृतीयांश सिनेमा कोडं म्हणून रचायचा आणि मग 'कोडं महत्त्वाचं नाही' म्हणायचं, हे मला पटत नाही.

पडदानशीन

पहिल्यापासून सांगितलं असतं तर आपणही स्कॉटीबरोबर तिच्या प्रेमात पडलो नसतो. आधी फसायला तर हवं!

आगाऊ कार्टा

नका वाचू म्हटलं तरी वाचलं, वाट लागली. असो. तिसरी घंटा, १९५८ मध्ये व्हर्टिगोला क्लासिकचं लेबल नव्हतं, म्हणजे तेव्हाचे समीक्षक नाव झाकूनच बघत होते. त्यांना तो धड आवडला नाही असं वाचलंय. तुमच्या कसोटीवर मग तो पास की नापास?

तिसरी घंटा

नापास. सुलभाताई, या आता अंगावर.