डेट्रॉइट ओस पडलं ते दंगलीमुळेच का?

मेधा_सातारा

नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी मार्चपासून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आले आहे. परवा जावई आम्हाला डेट्रॉइटचं म्युझियम दाखवायला घेऊन गेले. फ्रीवेचं काम चाललं होतं म्हणून आतल्या रस्त्यांनी गेलो. एकेका गल्लीत दोन-तीनच घरं उभी, मधे नुसतं गवत. एका ठिकाणी त्या गवतात सिमेंटच्या तीन पायऱ्या दिसल्या. चढून जायला वर घरच नाही. ते काही डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. तिथे विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, "सदुसष्ट साली काळ्यांनी दंगल करून शहर पेटवलं, गोरे निघून गेले, खेळ खलास." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. एवढं मोठं शहर एका दंगलीनं ओस पडतं का? इथे जुनं कोणी असेल तर सांगावं.

अनिकेत_नोव्हाय

काकू, मी आठ वर्षं इथल्या मोटारींच्या उद्योगात आहे. माझ्या मते मूळ कारण गाड्यांचा धंदा. १९७३ ला तेल महागलं, लोक छोट्या जपानी गाड्या घ्यायला लागले. १९७९ ला क्रायस्लर ही मोटार कंपनी वाचवायला सरकारला १५० कोटी डॉलरच्या कर्जाची हमी द्यावी लागली. २००९ ला जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लर दोघांची दिवाळखोरी. जुलै २०१३ मध्ये तर खुद्द शहरानंच दिवाळखोरी जाहीर केली, डोक्यावर सुमारे १,८०० कोटी डॉलर देणं. एकाच धंद्यावर उभं असलेलं शहर, धंदा बसला की शहर बसणारच.

जुना_ड्राफ्ट्समन

मेधाताई, त्या पायऱ्या तुमच्या मनात राहिल्या हे वाचून फार बरं वाटलं. मी ऑगस्ट १९७१ मध्ये सांगलीहून डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकायला आलो, तेव्हापासून इथेच आहे. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

आधी सनावळी बघा. १९५० साली शहरात साडेअठरा लाख माणसं होती. १९६० साली १६ लाख ७० हजार. म्हणजे दंगलीच्या सात वर्षं आधीच पावणेदोन लाखांहून जास्त माणसं कमी झाली होती. नुसते गोरे मोजले तर त्या दहा वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक घटले. दक्षिणेकडून कामाला येणाऱ्या ब्लॅक कुटुंबांमुळे एकूण आकडा तेवढा तरी राहिला. अनिकेत, १९४७ ते १९६३ या काळात शहरातल्या कारखान्यांतल्या सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या. तेव्हा जपानी गाड्यांची भीती इथे कोणालाच नव्हती. कंपन्या नवे कारखाने शहराबाहेर बांधत होत्या. एकमजली, लांबलचक शेड, मोकळी जमीन, पुढे गाड्या लावायला जागा. कारखान्यामागे कामगारही गेला, पण ज्याला तिथे घर घेऊ दिलं तोच.

सगळी मेख या घरात आहे. १९३४ साली सरकारनं गृहकर्जासाठी नवं खातं काढलं. ते स्वतः कर्ज देत नसे, बँकेला हमी देई: कर्ज बुडालं तर आम्ही भरू. त्या हमीमुळे हप्ते वीस-पंचवीस वर्षं पुरवता आले आणि साध्या फिटरलाही स्वतःचं घर घेता आलं. पण हमी कुठल्या वस्तीला द्यायची? त्या काळात सरकारी कचेरीत शहरांचे रंगीत नकाशे तयार झाले होते. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका. ब्लॅक वस्ती असली की लाल. तिथे राहणारा माणूस कितीही कष्टाळू असो, हप्ता कितीही वेळेवर भरणारा असो.

शहराच्या उत्तर हद्दीवर, एट माइल रोडजवळ, १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी ब्लॅक वस्ती, म्हणून हमी मिळेना. त्यानं मधे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. मग हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे.

आता माझ्या घराचं सांगतो. १९७६ साली आम्ही एट माइलच्या उत्तरेला तीन खोल्यांचं विटांचं घर घेतलं. सह्या झाल्यावर जुन्या कागदांचं भेंडोळं हातात आलं. हिच्या कडेवर धाकटी रडत होती, आणि मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून एकेक पान उलटत होतो. चाळीसच्या दशकातल्या एका कागदावर टंकलिखित ओळ होती: या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कोणीही राहू नये, घरकामाचे नोकर सोडून. मी ती ओळ तीनदा वाचली. सुप्रीम कोर्टानं १९४८ मध्येच सांगितलं होतं की अशी अट कोर्टाकडून अमलात आणता येणार नाही (त्या निकालात डेट्रॉइटच्या एका ब्लॅक कुटुंबाचंही प्रकरण होतं), आणि १९६८ च्या कायद्यानं घर विकताना वर्ण बघायलाच बंदी घातली. मी राहू शकलो तो त्या निकालामुळे आणि त्या कायद्यामुळे. ते मी मिळवलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी लढून मिळवलेलं होतं.

मी नोकरी करायचो त्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डवर एक ब्लॅक ड्राफ्ट्समन होता. कोरियाच्या युद्धात जाऊन आलेला, माझ्यापेक्षा हात कितीतरी सफाईचा. मला डायची (साच्यांची) ड्रॉइंग्ज त्यानंच शिकवली. पन्नासच्या दशकात माजी सैनिकाच्या कर्जाचे कागद घेऊन तो आमच्याच गावात घर बघायला आला होता. दलालानं दारातूनच परत पाठवलं. मग त्यानं शहरात घेतलं, जास्त व्याजानं. तीस वर्षं छपरापासून पायापर्यंत निगुतीनं राखलं. माझ्या घराच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज काढून मी दोन मुलींचं कॉलेज केलं. त्याचं घर शेवटी घेतल्या किमतीलाही विकलं गेलं नाही. पगार आमचा जवळपास सारखाच होता.

दंगलीचं नाकारत नाही. २३ जुलै १९६७, रविवारची पहाट. ट्वेल्थ स्ट्रीटवरच्या विनापरवाना बारवर पोलिसांची धाड पडली. आत लोक व्हिएतनामहून परतलेल्या दोन सैनिकांचं स्वागत करत होते. पुढच्या पाच दिवसांत ४३ माणसं मेली, त्यातली ३३ ब्लॅक. पण ट्वेल्थ स्ट्रीटवर एवढी दाटी कुठून आली होती, हेही विचारा. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर ब्लॅक लोकांची दुकानं, हॉटेलं, गाण्याचे क्लब होते. ती अख्खी पेठ पाडून तिथून फ्रीवे नेला. उठवलेली पुष्कळ कुटुंबं ट्वेल्थ स्ट्रीटच्या आसपास कोंबली गेली, कारण दुसरीकडे कोणी घरच देईना.

ज्या फ्रीवेनं तुम्ही एरवी जाता-येता, ताई, त्यातले काही असेच झाले आहेत.

मग १९७४ चा शाळांचा निकाल. ब्लॅक आणि गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून शहरातली आणि सबर्बमधली (शहराबाहेरच्या उपनगरांतली) मुलं बसनं एकमेकांच्या शाळांत पाठवायची योजना सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. त्यानंतर शाळेसाठी म्हणूनही लोक हद्द ओलांडत राहिले. आम्हीही शाळा बघूनच घर घेतलं होतं, हे लपवत नाही.

मेधा_सातारा

काका, दोनदा वाचलं. लेकीलाही वाचून दाखवलं. त्या काळात तुम्हाला स्वतःला कधी भीती वाटली का?

जुना_ड्राफ्ट्समन

वाटली, १९८२ साली. आमचं शॉप आदल्या वर्षीच बंद झालं होतं, मी घरी बसलेला. युनियनच्या इमारतींबाहेर पाट्या असायच्या की परदेशी गाड्या इथे लावू नका. त्या जूनमध्ये हायलँड पार्कला व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. जन्मानं चिनी, पण जपान्यांचा राग त्याच्यावर निघाला. चार दिवसांनी तो गेला. लग्न तोंडावर आलं होतं. मारणाऱ्यांना प्रोबेशन (तुरुंगाऐवजी नुसती देखरेख) आणि ३,००० डॉलर दंड. एक दिवसाचाही तुरुंग नाही. तोही ड्राफ्ट्समन होता, माझ्याच पेशातला. त्यानंतर कित्येक महिने ही मला अंधार पडल्यावर गाडीत पेट्रोल भरायला जाऊ देत नसे.

माझ्या त्या जुन्या सोबत्यानं बातमी वाचून फोन केला होता. म्हणाला, उद्यापासून मुलाखतीला जाशील तिथे मी गाडीनं सोडतो, एकटा जाऊ नकोस. आणि तीन आठवडे तो शहरातून उलटा आमच्याकडे येऊन मला न्यायचा. ज्या गावानं त्याला दारातून परत पाठवलं होतं त्याच गावात.

मेधा_सातारा

काका, ती भिंत बघता येते का? बाळ सव्वा महिन्याचं झालं की लेकीला घेऊन जाईन म्हणते.

जुना_ड्राफ्ट्समन

येते की. एट माइलच्या दक्षिणेला बर्वुड स्ट्रीट. अल्फॉन्सो वेल्स प्लेग्राउंड असं शोधा. तिथल्या भागावर वस्तीतल्या लोकांनी चित्रं काढली आहेत. पुढे मात्र ती घरांच्या परसांमागून जाते, तेव्हा कुणाच्या अंगणात शिरू नका. सकाळी जा, झोपाळ्यांवर मुलं असतात.