एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका
कुणीतरी म्हणतं, "एमसीबी बसवलाय ना, मग घाबरायचं कशाला?" तिथेच घात होतो. एमसीबी म्हणजे वीज आपोआप तोडणारा छोटा स्विच; तो जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की ट्रिप होतो. अंगातून जाणाऱ्या करंटला नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) हवा. रत्नागिरीत जांभ्याच्या जुन्या घरात भाड्याने होतो. आषाढात भिंतीला ओल आली की स्विचबोर्डला हात लावताच झिणझिण्या. मालक म्हणायचे, "पावसात होतंच हो तसं!" (होता कामा नये.) शेवटी लेखी नोटीस दिली, तेव्हा हलले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक ढिम्म राहिला, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मात्र आधी करार वाचावा.