पोरगं गेममध्ये बुडालंय, फोन काढून घेऊ का?

यार्डातला_अडत्या: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. सौदे उरकून घरी येतो, तर अकरावीतलं पोरगं कोपऱ्यात आडवं, कानात हेडफोन, "मागं बघ, मागं बघ" ओरडतंय. शेजारी भडंगाची वाटी मऊ पडलेली. परवा वायफायचा प्लग उपटला, तर दोन दिवस अबोला. पण खरं सांगू? शाळेत हा एकलकोंडा होता. आता तासगावची, मिरजेची पोरं दोस्त झालीत, तीही गेममुळंच. म्हणून हात आखडतो. काय करू?

कृष्णाकाठ: प्लग उपटू नका दादा. मॅच मधेच सोडली की टीमची बाकीची पोरं शिव्या घालतात. "ही मॅच झाली की जेवायला" म्हणून बघा. आणि ॲक्शन गेमनं नजर तल्लख होते, असं २००३ साली ग्रीन आणि बाव्हेलियर या संशोधकांनी दाखवलंय. आमच्या चिरंजीवांना माझं पाकीट बरोबर दिसतं, गणितातलं वजाचं चिन्ह तेवढं दिसत नाही.

मिरजेची_ताई: मी समुपदेशक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार नोंदलाय, २०२२ पासून लागू. पण नुसत्या तासांवर तो ठरत नाही. ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, तेही साधारण १२ महिने. कॉलेज, झोप कशी आहे?

यार्डातला_अडत्या: कॉलेजला जातो. झोपतो मात्र दोनला.

मिरजेची_ताई: मग आधी झोपेचं बघा. रात्री अकराला फोन हॉलमध्ये चार्जिंगला. तुमचाही.

यार्डातला_अडत्या: माझापण? अहो, भाव बघायचे असतात.